पिस्ता काठाची गोधडी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, म्हणजे मध्ये व्यत्यय नको.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर जरूर वाचा. कारण हे सगळं दिवसाढवळ्या घडलं. हिवाळ्यात, दुपारच्या उन्हात, माझ्या मावशीच्या घरी. बसडेपोच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं घर. मागच्या खोलीत खिडकीशी तिचं शिलाई मशीन आणि पलीकडच्या भिंतीला मुलीची कॉट.

मावशी फिटिंगची कामं करते. नवे कपडे शिवत नाही. कुणाची पँट लांब, कुणाचा ड्रेस ढगळ, कुणाची चेन बिघडलेली, सगळे तिच्याकडे. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. स्क्रू पिळून जी गोष्ट ठीक होत नाही ती जगात नाहीच, असं त्यांचं मत होतं. आणि मुलगी शाळेत जाणारी, गोल गालांची, चालताना घर हलवणारी. तिला सगळे गब्दू म्हणायचे. नाव काकांनीच पाडलेलं.

त्या हिवाळ्यात गल्लीतल्या मास्तरांनी आपलं टेलरिंगचं दुकान बंद केलं. कातरणाची पोती दाराबाहेर काढून ठेवली आणि लागेल ते घेऊन जा म्हणाले. मावशी एक पोतं जिन्यावरून ओढत घरी घेऊन आली. गब्दूसाठी गोधडी करायचं केव्हापासून तिच्या मनात होतं.

दुपारी कामं आटोपली की ती कातरण घेऊन बसायची. सगळ्या चिंध्या आधी धुतल्या, इस्त्री केल्या. मग पुठ्ठ्याचा चौकोन ठेवायचा, खडूनं रेघ मारायची आणि कापायचं. शर्टांचे पट्टे, पडद्यांची फुलं, कुणाच्या तरी कोटाचं अस्तर. फिकट, गडद, फिकट, गडद असे चौकोन जोडत गेली. खाली जुन्या चादरी घातल्या, वरून धावदोरा घातला.

काठाला कापड कमी पडलं.

तेव्हा पोत्याच्या तळाशी तिला ते तुकडे सापडले...

पिस्ता रंगाचं कापड, त्यावर पांढरे बारीक ठिपके. चौकोन निघणार नाहीत असे लांब, निमुळते तुकडे. सगळे जोडीजोडीनं, एक डावा आणि एक उजवा. मावशीला बघताक्षणी कळलं. कुणीतरी एकाच ड्रेसच्या दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा आत घेतल्या होत्या.

"बाईनं डाएट फारच मनावर घेतलेलं दिसतंय," ती काकांना म्हणाली.

"पत्ता विचारून ठेव तिचा. तुलाही उपयोगी पडेल," काका म्हणाले.

मावशीनं त्यांना खडू फेकून मारला.

एक गोष्ट मात्र तिला खटकली. फिटिंग करणारं कुणीही जादा कापड कापून टाकत नाही. ते दुमडून शिवणीच्या आत ठेवतात. माणूस आज बारीक झालं तरी उद्या पुन्हा भरतं. मग उसवून सैल करता येतं. मास्तरांसारखा मुरलेला माणूस हे कसं विसरला?

पण काठ उठून दिसत होता. तिनं तो चारी बाजूंनी शिवून टाकला.

गब्दू पहिल्याच दिवशी गोधडीत शिरली, ती बाहेर यायला तयार नव्हती. शाळेतून आली की गोधडी. अभ्यासही गोधडीतच. मावशी खूश होती.

एकदा सकाळी अंथरूण झटकताना त्यातून पांढरा दोरा पडला. गाठ मारून कडं केलेला. शिवणाऱ्या घरात दोऱ्यांना काय तोटा? तिनं उचलून टाकून दिला.

काही दिवसांनी पुन्हा एक पडला...

हा जरा लहान होता.

गब्दूचा युनिफॉर्म सैल व्हायला लागला. उंची धरतेय, काका म्हणाले. मावशीनं बाजू आत घेतल्या आणि जादा कापड अर्थातच आत दुमडून ठेवलं. वाढतं पोर होतं. मग पिवळा फ्रॉक आत घेतला. मग परत युनिफॉर्म.

खाणं कमी झालं म्हणावं तर तसंही नाही. अख्खा पाव संपवून पोरगी पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची.

"आई, भूक."

"आत्ता तर खाल्लंस ना गं?"

"खाल्लं की पोट भरतं. गोधडीत गेलं की रिकामं होतं."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. सगळं नॉर्मल होतं. काकांनी गब्दू म्हणायचं बंद केलं.

मग ती दुपार आली.

मावशी दूध तापवत होती. गब्दू समोर टेबलाशी बसली होती. काका कामावर होते. मागच्या खोलीत कुणीही नव्हतं.

आणि आतून आवाज आला...

कर्र... कर्र... कर्र...

जाड कापडातून कात्री चालते तसा. सावकाश, घाई नसलेला. हा आवाज मावशी झोपेतही ओळखेल.

गब्दूनं मानसुद्धा वर केली नाही. "रोज येतो," ती म्हणाली.

मावशी आत गेली. कात्री मशीनवर जागच्या जागी होती. तिनं हात लावला... पाती कोमट होती.

खुर्चीवर युनिफॉर्म लटकत होता. तिनं तो उलटा केला. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं कापड नव्हतं. सरळ रेषेत कापून नेलेलं. पिवळा फ्रॉक उलटा केला. त्यातलंही नव्हतं. केरात पाहिलं, मशीनखाली पाहिलं, कुठेच काही नव्हतं.

मग तिची नजर कॉटवर गेली.

गोधडी कॉटच्या कडेपर्यंत यायची. आता ती फरशीला टेकत होती. पिस्ता काठाच्या बाहेर आणखी एक काठ होता. शाळेचा निळा. त्याच्या बाहेर पिवळा.

टाके मावशीचे नव्हते. बारीक, घट्ट, एकाला एक चिकटलेले टाके होते ते.

मावशीला आधी भीती नाही वाटली, संताप आला. तिनं ब्लेड घेतलं, गोधडी मांडीवर ओढली आणि निळ्या काठाचा पहिला टाका तोडला. स्वयंपाकघरातून किंकाळी आली.

"आई! ओढतंय... पोटात ओढतंय..."

तिनं हात मागे घ्यायला पाहिलं. निघेना. सुटलेला दोरा तिच्या मनगटाभोवती वळला होता आणि आवळत चालला होता. कातडीत रुतला. गोधडी मांडीवर जड होत गेली, आत कुणीतरी उठून बसावं तशी. मावशीनं दातांनी दोरा तोडला आणि गोधडी दूर भिरकावली. मनगटावरचा तो वळ अजून आहे. मी पाहिलाय.

ती तशीच अनवाणी जिना उतरली.

मास्तर बंद दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचे. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"मास्तर, तुमच्या कातरणात पिस्ता रंगाचं ठिपक्यांचं कापड होतं."

"नव्हतं."

"होतं. मी काठ लावलाय त्याचा."

"ते तुकडे मी जाळले होते," मास्तर चिडून म्हणाले. "तुझ्या पोत्यात कसे येतील?"

"आले. आणि माझी पोरगी वाळत चाललीय. कुणाचा ड्रेस होता तो?"

"मला काय ठाऊक. एक बाई आणून द्यायची. घालणारी कधी आलीच नाही."

"मग माप कशावरून घेतलंत?"

मास्तर दार लावायला लागले. मावशीनं पाय आडवा घातला.

"बाई दोरा आणायची," ते शेवटी म्हणाले. "गाठ मारलेला. कमरेचं माप म्हणून. दर वेळी लहान. शेवटचा दोरा पाहून मला हसू आलं. म्हटलं, बाई, गाठ चुकीच्या जागी बसलीय. ती म्हणाली, चुकलेली नाही."

मावशीच्या डोळ्यांसमोर अंथरुणातून पडलेले ते दोरे आले. तिनं दाराची चौकट घट्ट धरली.

"आणि जादा कापड? ते का कापलंत?"

"तिनंच सांगितलं. आत ठेवू नका म्हणाली, कापून टाका. ती काही आता परत भरायची नाही."

शेवटच्या वेळी ड्रेस न्यायला कुणी आलंच नव्हतं. तो मास्तरांकडेच होता. गिऱ्हाइकाचा माल कसा जाळणार, असं ते म्हणाले. आत जाऊन त्यांनी तो आणला आणि तिच्या अंगावर फेकला. "पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

ते वळले तेव्हा मावशीनं पाहिलं. त्यांचा शर्ट दोन्ही बाजूंनी आत घेतलेला होता. तरीही अंगावर लोंबत होता.

ड्रेसची लांबी मोठ्या बाईची होती. रुंदी मात्र अशी, की वाळलेल्या गब्दूलाही तो झाला नसता. मावशी त्याकडे बघून रडली. कुणाला तरी खोलीत कोंडून उपाशी ठेवलं होतं आणि वर तिच्या मापाचे कपडेही करून घेतले होते. ज्या घरात हे झालं त्या घराला आग लागो, असं ती मोठ्यानं म्हणाली. मग डोळे पुसून मशीनशी बसली.

तिला एकच काम येत होतं, ते तिनं केलं. ड्रेस सैल केला.

पिस्ता काठाला ब्लेड लावलं तेव्हा काहीच झालं नाही. टाके आपसूक सुटत गेले. आधी सगळ्यात शेवटी कापलेली जोडी लावली, मग तिच्या आधीची, मग तिच्याही आधीची. डावा तुकडा डावीकडे, उजवा उजवीकडे. ऊन खिडकीतून हटेपर्यंत ड्रेस एका भरल्या अंगाच्या बाईचा झाला. तिनं तो हँगरला लावून कपाटात टांगला. गब्दूचे निळे आणि पिवळे तुकडेही मग मुकाट सुटले. ते तिनं पुन्हा गब्दूच्या कपड्यांना जोडले.

त्या दिवशी गब्दू पाव-दूध खाऊन पोट धरून म्हणाली, "बस झालं आता."

काका भिंतीकडे तोंड करून रडले.

इथे संपायला हवं होतं.

उन्हाळ्यात मावशीनं कपाट उघडलं तर ड्रेसच्या दोन्ही शिवणी उसवलेल्या होत्या. आतून ताण येऊन फाटाव्यात तशा. तिनं पुन्हा शिवल्या. पुन्हा फाटल्या. आणि संध्याकाळी जेवून उठलेली गब्दू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई... भूक."

मावशीनं स्वतःचा रोजचा गाऊन घेतला, त्याच्या बाजू आत घेतल्या, जादा कापड कापलं आणि त्या ड्रेसला जोडलं. गब्दू शांत झोपली.

"ती बिचारी वगैरे काही नाही," मावशी मला म्हणाली होती. "ती चिडलेली आहे. कुणाचं अंग भरतंय हे तिला बघवत नाही. आणि तिचं पोट आता कधी भरायचं नाही."

याला बरीच वर्षं झाली. गब्दूचं लग्न झालं. गोल गालांची, हसरी, दणकट आहे. मावशीला मात्र तुम्ही पाहिलंत तर दचकाल. गेल्या दिवाळीच्या फोटोत तिच्या जागी नुसता गाऊन बसल्यासारखा दिसतो. तिच्या कपाटात एकच ड्रेस आहे, जो कुठल्याही माणसाला होणार नाही इतका रुंद. त्यात पिस्ता रंग शोधावा लागतो.

हे सगळं मी आज का लिहितोय ते सांगतो.

मागच्या महिन्यात मी माझी एक पँट मावशीकडे फिटिंगला दिली. कमरेला जराशी सैल होती. काल पँट घरी आली. काम नेहमीसारखं सुबक. सहज म्हणून मी आतली शिवण पाहिली...

जादा कापड नव्हतं. सरळ रेषेत कापलेलं.

खिशात हात घातला तर पांढरा दोरा निघाला. गाठ मारून कडं केलेला. मी तो कमरेला लावून पाहिला. लहान होता. बराच लहान.

मी मावशीला फोन लावला.

"मावशी, माझ्या पँटचं कापड तू कापलंस की..."

मागे मशीन चालू असल्याचा आवाज येत होता.

"माझ्या अंगात आता आत घ्यायला काही उरलं नाही रे," ती म्हणाली. "आणि गब्दूला दिवस गेलेत."

मग तिनं अगदी नेहमीच्या मायेनं विचारलं, "जेवलास का?"

"हो, आत्ताच."

"मग परत भूक लागलीय का?"

मी फोन ठेवून दिला. तिला खरं सांगायचा धीर झाला नाही.

लागली होती.