पत्र्यावरची गप्प जागा

लाईट काय लवकर येत न्हाय आज. सरका जवळ. ही आपल्या सास्तूरच्या बसवेशची गोष्ट, त्याच्याच तोंडनं ऐकलेली.

गेल्या साली सर्वपित्री अवसेला त्याची काकू सिद्धम्मा डोळ्याच्या ऑपरेशनला धाराशिवला होती. काका कल्याणप्पा तिच्याजवळ. म्हणून शेतातल्या पत्र्याच्या शेडात शेरडांजवळ झोपायला बसवेश गेला. त्याच आठवड्यात शिवारातली दोन शेरडं चोरीला गेली होती, आणि बसवेशचा संशय शेजारच्या बलभीमवर. बांधावरनं दोघांचं वाकडं होतंच. "आज आला तर सोडत न्हाय," म्हणत त्यानं काठी उशाला घेतली.

दिवेलागण झाली आणि पाऊस उतरला. पत्र्याखाली पावसात बसलाय का कधी? डोक्यावर कुणी खडीचा टिपर रिकामा करतंय असं वाटतं. शेरडं ओरडायची, पण नुसती तोंडं हललेली दिसायची. तेवढ्यात काकांचा फोन आला. त्यांना तो अप्पा म्हणतो.

"अप्पा, काय बी ऐकू येईना! जोरात बोला!"

बोलत बोलत तो बाजेवर टेकला. आणि आवाज एकदम साफ झाला.

"पाला टाकलास का रे शेरडांना?"

"टाकला की..."

त्यानं वर बघितलं. चहूकडं पत्रा वाजत होता. बाजेच्या बरोबर वरती तेवढा वाजत नव्हता. माणूसभर लांबीची जागा. गप्प.

बलभीमच! पत्र्यावर पालथा पडून दबा धरलाय. फोन तसाच चालू बाजेवरच्या गोधडीवर टाकून त्यानं काठीनं वर ठोसलं. पत्रा खणकला न्हाय. भरल्या पोत्यावर मारल्यासारखं झालं.

"उतर खाली! वळखलंय म्या तुला!"

...

तो बॅटरी घेऊन बाहेर गेला. पत्र्यावर उजेड मारला. नुसतं पाणी वाहत होतं. कुणीच न्हाय.

आत आला. आता पत्रा सगळा वाजत होता. बाजेवरचासुद्धा.

गेला वाटतं...

मग शेरडं दिसली. कोपऱ्यात. एकमेकींवर चढलेली. सगळी बाजेकडं बघत.

फोनचा उजेड चालूच होता. त्यानं हात लांब करून फोन उचलला. कानाला घट्ट दाबला.

"...हां, बोल," अप्पा म्हणत होते. "पण एवढं हळू का बोलायलास?"

बसवेश बोललाच नव्हता.

तो पळाला. अनवाणी. चिखलातनं. गावापर्यंत.

सकाळी चौघांना घेऊन परत गेला. एक शेरडू कमी नव्हतं. बलभीम तर रात्रभर तेरला, सासुरवाडीत होता. तिथल्या माणसांनीच सांगितलं. अप्पांना विचारलं, फोनवर काय ऐकलंत? अप्पांनी मान फिरवली. आजवर सांगितलेलं न्हाय.

चौघांनी पत्रा तपासला. कुठं गळत नव्हता. बाजेच्या दोऱ्या खडखडीत कोरड्या.

वरची गोधडी दोघांनी धरून पिळली.

बादली भरली, पोरांनो...