साळिंदर, उशी आणि खिडकीतली बाई

"कोपऱ्यात ते काय आहे हो? उशी आहे का?"

फोनवरच्या परक्या माणसाचं हे पहिलं वाक्य. ना हॅलो, ना नावगाव. मी ब्रश दातांत धरून फोन उचलला होता, तो आधी बाजूला ठेवावा लागला.

"कोण बोलतंय?"

"सॉरी, सॉरी... मी बोलत्या पुस्तकांच्या स्टुडिओतून बोलतोय. ज्या मुलांना दिसत नाही, त्यांच्यासाठी आम्ही चित्रांची पुस्तकं रेकॉर्ड करतो. गोष्ट वाचायची आणि प्रत्येक चित्रात काय काय आहे ते सांगायचं. तुमचं साळिंदराचं पुस्तक छापायला जायच्या आधी आमच्याकडे आलंय. तर न्हाव्याच्या दुकानाबाहेर, पायरीवर, ती उशी—"

"कुत्रा आहे तो."

पलीकडे कागद सळसळला.

"झोपलाय," मी म्हटलं.

"अच्छा... म्हणजे पाय पोटाशी घेऊन?"

"हो. आणि तोंड शेपटीत खुपसून."

"म्हणजे कुत्रा म्हणून ओळखू येईल असं काही बाहेर ठेवलंच नाहीत तुम्ही त्याचं!"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्ही झोपताना काय, ओळखपत्र गळ्यात घालून झोपता?"

"नाही. पण घोरतो. निदान माणूस आहे एवढं तरी कळतं."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असावं, कारण आधी खोकल्यासारखंच काहीतरी वाजलं. फोन ठेवल्यावर मी तो नंबर 'उशीवाला' म्हणून सेव्ह केला. का, ते विचारू नका. एरवी कामाचे नंबर मी सेव्हही करत नाही.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. गोष्टी दुसऱ्यांच्या, चित्रं माझी. या कामासाठी या शहरात आले, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, आणि खिडकीला टेबल लावून बसले ती बसलेच. एकटा जीव सदाशिव, असं लोक म्हणतात ना... म्हणायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, तर चहाचं आधण ठेवताना हात सवयीने एकाच कपाकडे जातो, आणि संध्याकाळी भाजी घ्यायला गेलं की दुकानदाराला "पाव किलो" म्हणताना कळतं, आज दिवसभरात आपण बोललेले हे पहिले शब्द. कधीकधी मी मुद्दाम अर्धा किलो म्हणायचे, मग म्हणायचे, नको, पावच द्या. तेवढीच दोन वाक्यं जास्त.

साळिंदराची गोष्टही तशीच होती. त्या साळिंदराच्या पोराला वाटतं, आपले काटे कापले तर बाकावर आपल्या शेजारी कुणीतरी बसेल. म्हणून तो न्हाव्याकडे जातो. मी ती वाचली तेव्हा लेखकाला मनातल्या मनात विचारलं होतं, तुम्हाला माझा पत्ता कुणी दिला?

उशीवाल्याचे फोन येत राहिले. संध्याकाळच्या सुमाराला, त्याचं काम उरकत आलं की.

"न्हाव्याच्या शर्टाचा रंग कसा सांगू? हिरवा म्हणू की पोपटी?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला पोपटी वाटतो. पण ज्याने पोपट पाहिलेलाच नाही त्याला पोपटी म्हणून काय सांगायचं?"

मी विचारात पडले. "कच्च्या कैरीचा म्हणा. कैरी चावून बघता येते."

"वा!" तो म्हणाला. "तुम्ही चित्रं सोडा आणि इकडे या."

"पगार?"

"फारच कमी. पण चहा चांगला असतो. मीच करतो."

त्यानेच मला त्यांच्या कामातला नियम सांगितला. चित्रात दिसेल तेवढंच बोलायचं. साळिंदर दुःखी आहे, असं म्हणायचं नाही. साळिंदराची मान खाली आहे, असं म्हणायचं. दुःख ऐकणारं मूल आपापलं ओळखतं. हा नियम त्याच्या ताईचा. ताईला जन्मापासून दिसत नाही. लहानपणी घरातली सगळी चित्रांची पुस्तकं यानेच तिला सांगितली, आणि आता स्टुडिओतून कुठलंही पुस्तक बाहेर जायच्या आधी ताईच्या कानाखालून जातं. "भयंकर बाई आहे," तो कौतुकाने म्हणाला. "एकदा मी ढग सांगायला विसरलो तर तिने मला गोष्टीत पाऊस पडल्यावर धरलं. ढगाशिवाय पाऊस कुठून आला म्हणून."

मी संध्याकाळी खिडकीशी उभी राहून बोलायला लागले होते. समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागायचा. पूर्वी ते दिवे बघून मला रडू यायचं, खोटं कशाला बोलू. आता त्यांच्याकडे बघायचं भानच राहायचं नाही.

आणि मग एका संध्याकाळी त्याने विचारलं, "एक शंका आहे... ती खिडकीतली बाई कोण आहे?"

मी खिडकीपासून एक पाऊल मागे झाले.

"कुठली बाई?"

"न्हाव्याच्या दुकानासमोर इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी. खिडकीत बाई आहे. अगदी एवढीशी, करंगळीच्या नखाएवढी."

"भरतीला काढलीय. जागा रिकामी दिसत होती."

"असं होय..." तो थांबला. "मी तुमची आधीची पुस्तकं पण मागवली होती. सहज. सगळ्यांत आहे ती. एकात केस वाळवतेय. एकात डाव्या हातात कप घेऊन उभी आहे. हत्तीच्या पुस्तकात तर फक्त पाठ आहे. दर वेळी एकटीच आहे... तुम्ही डावखुऱ्या आहात का हो?"

माझा डावा हात नकळत पाठीमागे गेला.

इतक्या वर्षांत ती कुणाला दिसली नव्हती. लेखकांना नाही, संपादकांना नाही. माझ्या आईनेसुद्धा प्रत्येक पुस्तक आल्यावर "रंग छान आहेत गं" एवढंच म्हटलं होतं. आणि हा माणूस, ज्याला झोपलेला कुत्रा ओळखता आला नाही, त्याने नखाएवढी मी बरोबर शोधून काढली. आनंद व्हायला हवा होता ना? मला लाज वाटली. एवढी लाज वाटली, की राग आला.

"ते सांगायचं नाही," मी म्हटलं. "गाळा तिला."

"चित्रात आहे ते गाळता येत नाही."

"चित्र माझं आहे. कुणाला काय कळणार आहे? गाळा म्हटलं ना!"

तो म्हणाला, "बरं."

एवढंच. 'बरं' हा शब्द इतका कोरडा असू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर फोन आला नाही. काम संपलं होतं म्हणा, कशाला येईल? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन टेबलावर उताणा ठेवला. मग पालथा ठेवला. मग चार्जिंग संपलं असेल म्हणून बघितलं; पूर्ण होतं. मीच करावा म्हणून नंबर काढला आणि काय बोलायचं ते सुचेना. उशीबद्दल? भाजीवाल्याकडे गेले आणि पाव किलोच म्हणाले. खोल्या पूर्वी होत्या तेवढ्याच होत्या, पण आता मोठ्या वाटत होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, असं मी स्वतःला सांगितलं. साळिंदर तरी बरं, ते काटे कापायला निघालं होतं. मी तर शेजारी बसायला आलेल्या माणसालाच टोचलं होतं.

अशात एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, स्वच्छ आणि खडखडीत.

"मी त्याची ताई. त्या न्हाव्याच्या पानावर काय गाळलंय, ते सांग."

"अं... तुम्हाला कसं—"

"'समोर तिसऱ्या मजल्यावर खिडकी आहे' म्हणाला आणि श्वास धरला. लहानपणी पुस्तकातला राक्षस गाळायचा तेव्हा असाच श्वास धरायचा, मी घाबरेन म्हणून. विचारलं तर म्हणतो, चित्रकाराला विचार. म्हणून तुला विचारतेय. काय आहे खिडकीत?"

"काही नाही ओ ताई. लहानशी गोष्ट आहे. उगाच..."

"हे बघ, मला दिसत नाही याचा मला राग नाही. तो राग मी कधीच सोडून दिला. पण जे आहे ते कुणी मला सांगितलं नाही, की मात्र डोकं फिरतं. पुस्तक सोमवारी छापायला जाणार आहे, सोबत आमचं रेकॉर्डिंग. अर्धवट मी सोडणार नाही. आज ये आणि काय ते माझ्यासमोर सांग. येताना मूळ चित्र आण." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "आणि तो धड जेवत नाहीये. ते माझं काम नाही, तरी सांगितलं."

मी चित्र प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि निघाले. वाटेत भुरभुर पाऊस लागला, म्हणून मी ते ओढणीखाली छातीशी धरलं आणि स्वतः मात्र भिजले.

स्टुडिओ म्हणजे एका जिन्याखालची खोली. भिंतींना जाड कापड, मध्ये काच, काचेपलीकडे माइक, आणि इकडचं तिकडे ऐकू जायला छोटा स्पीकर. ताई अलीकडे हेडफोन गळ्यात अडकवून बसल्या होत्या. आणि तो दारात उभा होता, हातात टॉवेल घेऊन. आवाजावरून मी त्याचा चेहरा कितीदा तरी काढून पाहिला होता. एकही जुळला नाही. कान चांगलेच मोठे होते.

"पुसून घ्या," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता.

"तुम्ही... उशीवाले ना?" माझ्या तोंडून गेलं.

त्याने मान वर केली. "काय वाले?"

"जिभेला हाड नाही माझ्या... काही नाही. चित्र आणलंय."

"मग सांग," ताई म्हणाल्या. "मी बसलेय. तू आत जा रे, माइकवर. ती सांगेल, तू बोल."

तो आत गेला. काचेपलीकडे बसला, चित्र समोर धरलं. परत जायचं असतं तर दार पाठीमागेच होतं. जाऊन मी काय करणार होते? दिवे बघत बसणार होते.

"खिडकीत एक बाई आहे," मी म्हटलं. "ते सांगा."

त्याने माइककडे तोंड नेलं. "समोर तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी आहे. खिडकीत एक बाई आहे." मग मला विचारलं, "काय करतेय ती?"

"उभी आहे. नुसती."

"नुसतं कुणी उभं राहत नाही," ताई म्हणाल्या.

मी काचेतून त्याच्याकडे बघितलं. तोही बघत होता. चित्र त्याच्या हातात तसंच राहिलं होतं.

"ती वाट बघतेय," मी म्हटलं.

"हे चित्रात दिसत नाही हो," तो हळूच म्हणाला. "नियम आहे आमचा..."

"मग नीट बघा. तिचं कपाळ काचेला टेकलंय. फोन हातात आहे. रोज संध्याकाळी एकाचा फोन यायचा तिला. आता येत नाही. चूक तिचीच आहे. पण ती वाट बघतेय."

ताईंनी हेडफोन कानांवर चढवले, जणू आता त्यांना काही ऐकायचंच नव्हतं.

तो माइककडे वळला. "खिडकीत एक बाई आहे. तिचं कपाळ काचेला टेकलं आहे. तिच्या हातात फोन आहे. आणि... खाली रस्त्यावरून एक माणूस येतो आहे."

"थांब!" ताईंनी हेडफोन खाडकन काढले. "चित्रात माणूस आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"मग सांगतोस कसा? नाही ते सांगायचं नाही. माझ्या स्टुडिओत चालणार नाही."

तो उठला, दार उघडून बाहेर आला आणि चित्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. त्याचे मोठे कान लालबुंद झाले होते.

"नाहीये," तो मला म्हणाला, "तर काढा ना."

मी त्याच्याकडे बघत राहिले. मग खिशातून पेन्सिल काढली. डाव्या हातात धरली.

"कुठे काढू?" मी विचारलं. "दाराशी?"

"एवढ्या लवकर नको... ती घाबरेल. कोपऱ्यावर काढा. येतोच आहे तो."

मी कोपऱ्यावर एक एवढासा माणूस काढला. कान जरा मोठेच झाले. तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, आणि मी हलले नाही.

"काय काढतेय रे ती?" ताईंनी विचारलं.

"मला, ताई."

"आणि त्या बाईला दिसतोस का तू?"

त्याने माझ्याकडे बघितलं.

"दिसतो, ताई," मी म्हटलं. "चांगला दिसतो."