पहिल्या कडव्यापुढे

नाचाच्या रात्री गाणी वाजवणाऱ्या मास यूस्टसच्या अंगणातली तबकड्यांची पेटी उघडी होती आणि 'दारातला दिवा'ची तबकडी आत नव्हती.

सार्जंट मर्लीन टुलक आली तेव्हा हायसिंथ ब्रॅमवेल अॅकीच्या झाडाखाली बसली होती. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्याकडे नुसती कुजबुज उरली होती.

"माझा आवाज नेला, सार्जंट. दुसरीकडे कुठेच नाहीये तो."

किंग्स्टनमध्ये ते गाणं पोराटोरांना पाठ होतं, पण किंग केस्ट्रलचं म्हणून. बाजारातल्या रेकॉर्डवर त्याचाच आवाज, त्याचंच नाव. शब्द माझे, चाल माझी, आधी मी गायले, असं हायसिंथ म्हातारी होईपर्यंत सांगत राहिली. पुरावा एकच. यूस्टसच्या साऊंडसाठी, म्हणजे अंगणातल्या नाचाच्या कर्ण्यांसाठी, तिचा आवाज भरून कापलेली ती एकुलती, वाजेल तशी झिजणारी मऊ तबकडी. रविवारी ती रेडिओवर वाजवायची, असं रेडिओच्या वरिष्ठांनी ठरवलं होतं.

"काल कोण आलं होतं?"

"दोघेच," यूस्टस म्हणाला. "केस्ट्रल, आणि मागाहून रेडिओवर रविवारचा कार्यक्रम करणारा ऑर्म्सबी. दोघांसाठीही मी चहा टाकायला आत गेलो होतो. मेला माझा चहा!"

सार्जंटने दोघांनाही बोलावून घेतलं. केस्ट्रल फाटकाला टेकून उभा राहिला.

"तुम्ही नेलीत?"

"नेऊन काय करू, भाजीत घालू? ऐका, बाई. लोक मला नावानं नाही, त्या गाण्यानं हाक मारतात. ते तिचं ठरलं तर मी कोण?"

"म्हणजे कारण आहे."

"आहे की. पण हात माझा नाही. नाचात ऐकून मी पहिलं कडवं उचललं, पुढचं पदरचं जोडलं. तिचं पुढचं काय होतं, देव जाणे."

ऑर्म्सबीच्या बुटांवर धुळीचा कण नव्हता. त्याने हायसिंथच्या खांद्यावर हात ठेवला.

"जीव तुटतो हो, मिस हायसिंथ! दर रविवारी मी या गाण्याची गोष्ट सांगत आलोय. तरुणपणी याच अंगणात त्यावर नाचलो. शेवटी तुम्ही गाता गाता हसता, स्वतःचं नाव घेता... अजून काटा येतो."

"तबकडी कधी हातात घेतलीत?" सार्जंटने विचारलं.

"छे! नाचात ऐकली तेवढीच."

हायसिंथने झटकन मान वर केली. ते सार्जंटने पाहिलं.

"मास यूस्टस, नाचात ती वाजायची कशी?"

यूस्टस हसला. "वाजू द्यायचे कुठे! पहिलं कडवं संपलं की लोक पत्र्याचं कुंपण बडवायचे. 'फिरव!' मी सुई उचलून मागे आणायचो. पुन्हा तेच. गर्दी तापली की लगेच दुसरं गाणं लावायचो. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, पण पुरतं ऐकलं नाही."

"शेवट कुणी ऐकलाय?"

"कापली त्या दिवशी मी, हायसिंथ आणि कापणारा. तो बिचारा गेला."

सार्जंट वळली.

"कारण केस्ट्रलकडे होतं, म्हणून आधी मी त्यांच्यावरच नजर ठेवली. पण त्यांच्या रेकॉर्डवर ते हसू नाही. त्यांनी ते ऐकलेलंच नाही. ऑर्म्सबीसाहेब, ते हसू या अंगणात कधी वाजलंच नाही. ते ऐकायला तबकडी घरी न्यावी लागते. एकट्यानं बसून सुई शेवटपर्यंत जाऊ द्यावी लागते."

ऑर्म्सबीने हायसिंथच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"मी हिला रेडिओवर खोटारडी म्हटलं होतं," तो म्हणाला. "नाव घेऊन. आता रविवारी माझ्याच तोंडून हिचं खरं होतं असं..."

"मोडलीत?" हायसिंथची कुजबुज.

"मोडायलाच नेली होती. आधी एकदा ऐकावी म्हटलं. मग तुम्ही हसलात." त्याने मोटारीच्या किल्ल्या पुढे केल्या. "मागच्या डिकीत आहे."

यूस्टसने तबकडी आणून शर्टाच्या बाहीने पुसली. बाहेरची कड झिजून करडी झालेली, आतलं सगळं काळंभोर. त्याने सुई टेकवली.

वाळूच्या वादळातून यावा तसा आवाज आला.

*दिवा ठेव गं दारात, येते वाऱ्याच्या पायानं...*

कडवं संपलं. कुंपणापलीकडे कुणीतरी पत्रा बडवला. "फिरव!" यूस्टसचा हात आपसूक सुईकडे गेला.

हायसिंथने त्याचं मनगट धरलं.

"जाऊ दे."

सुई काळ्याभोर भागात उतरली. खरखर ओसरली आणि धुतल्या कपड्यासारखा स्वच्छ, कोवळा आवाज अंगणभर पसरला. पत्रा थांबला. शेवटी ती पोरगी हसली, म्हणाली, "हायसिंथ गातेय, ऐकताय ना?"

केस्ट्रलने टोपी काढली.