नानांचे सेल

तिसगावात बाजारपेठेच्या मागं, ओढ्याच्या अलीकडं कल्याणचं दूध संकलन केंद्र आहे आणि केंद्राला लागूनच घर. सकाळी कॅन खडखडतात, फॅटच्या मशिनीवर आकडा उमटतो, आणि आकडा उमटला की कल्याणच्या लेखी विषय संपतो. एखादा म्हणाला, "आमच्या म्हशीला नजर लागली, म्हणून फॅट उतरली," तर कल्याण हसून म्हणायचा, "नजर नाय लागली काका, पाणी लागलंय." असा हा गडी. भुताखेताच्या गोष्टी घेऊन याच्याकडं कुणी जात नसे.

घरात टीव्ही होता आणि टीव्हीचा रिमोट नानांच्या हातात होता. नाना म्हणजे कल्याणचे वडील, गहिनीनाथ. रिमोटला प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबर. खुर्ची नायलॉनच्या पट्ट्यांची, दारातून आलं की उजव्या हाताला. सातला बातम्या लागायच्या आणि मग घरात दुसरं कुणी खाकरलं तरी नानांच्या कपाळाला आठी पडायची. कल्याणची आई छबूबाई शेजारच्या लोखंडी कॉटवर बसून, नाना लावतील ते बघायची. बघता बघता तिला काहीतरी आठवायचं. "अहो, आज दगडाबाई सांगत हुती..." एवढं तोंडातून निघायचा अवकाश, नाना रिमोट टीव्हीवरून वळवून तिच्यावर रोखायचे आणि आवाज बंद करायचं बटण दाबायचे. छबूबाई जागच्या जागी गप्प. वाक्य अर्धं, तोंड उघडं. पाहुणेरावळे पोट धरून हसायचे, म्हणायचे, नाना, असलं बटण आम्हाला पण द्या की. कल्याणही हसायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर नाना गेले. खुर्चीतच, बातम्या चालू असताना, रिमोट मुठीत धरून. बोटं काही केल्या सुटेनात. "राहू द्या, जीव होता त्यांचा त्यात," असं म्हणून तसंच ओढ्याकाठच्या स्मशानात नेलं. चिता रचली, वर ठेवलं, तेवढ्यात भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं हटकलं, "आरं, सेल काढा त्याचे. जाळात फुटतेत." कल्याणनं पिशवी फाडून रिमोटचं मागचं झाकण सरकवलं, दोन पेन्सिल सेल काढून शर्टाच्या खिशात टाकले आणि मग अग्नी दिला.

घरी आल्यावर सेल खिशातून निघाले तसं त्याची बायको अपूर्वा म्हणाली, "भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय. एक त्यात घालू का?" छबूबाईनं ते दोन्ही सेल तिच्या हातातून जवळजवळ हिसकावलेच. पदराच्या टोकात घातले, गच्च गाठ मारली आणि गाठ कंबरेला खोचली. "ह्ये कुनाला द्यायचे न्हाईत," म्हणाली. दुःखात माणूस काहीही धरून बसतं, म्हणून कुणी काही बोललं नाही. कल्याणनं दुकानातून सेलची नवी जोडी आणली. एक घड्याळात घातला, एक स्वयंपाकघरातल्या टॉर्चमध्ये.

दहाव्याला कावळा शिवेना. पिंड ठेवले, सगळे लांब सरकले. समोरच्या बाभळीवर कावळे ढिगानं बसलेले, पण एक खाली उतरेल तर शप्पथ. "आईला सांभाळीन," कल्याण हात जोडून म्हणाला. "बांधावरून भांडणार नाय." "दुधात खोट करणार नाय." ऊन डोक्यावर आलं. बायकांत बसलेली छबूबाई मुकाट्यानं कंबरेची गाठ मुठीत धरून होती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून उरकून घेतलं. परत येताना ती कल्याणला एवढंच म्हणाली, "मला ठावं हाय त्यास्नी काय पायजे. पर मी देनार न्हाई."

सुतक फिटलं, टीव्हीवरची धूळ पुसली, आणि मग लक्षात आलं की रिमोटच नाही. कल्याणच्या जुन्या फोनच्या वरच्या कडेला एक काळा ठिपका होता. त्यातून डोळ्याला न दिसणारा उजेड निघतो आणि फोनचाच रिमोट होतो, हे त्याला माहीत होतं. त्यानं ॲप उतरवून घेतलं, टीव्हीची कंपनी निवडली. उजेड निघतो का ते बघायला दुसऱ्या फोनचा कॅमेरा त्या ठिपक्यावर धरून बटण दाबलं. नुसत्या डोळ्यांना काहीच नाही, पण कॅमेऱ्यात जांभळट पांढरा ठिपका लुकलुकला. "बघ आई, डोळ्याला दिसत नाय, पण हाय," म्हणत त्यानं जुना फोन तिच्या हातात दिला. "आता तुझा रिमोट तुझ्यापाशी."

छबूबाईनं आधी फोन उलटा धरला. दोन दिवसांत सुलटा धरायला शिकली, आणि आठवड्यात तिचा अंगठा असा चालायला लागला की कल्याण बघतच राहिला. जन्मात पहिल्यांदा ती आपल्या मनाचं काही बघत होती. आणि बोलत होती! अहो, काय बोलत होती! मालिकेतल्या सुनेला दम भरायची, "अगं बये, त्या सासूच्या गोड बोलन्याला भुलू नगंस, दुधात मीठ टाकलंय तिनं!" मालिका संपली की माहेरच्या विहिरीची गोष्ट, धाकट्या बहिणीची गोष्ट, लग्नात हरवलेल्या जोडव्याची गोष्ट. अर्धी राहिलेली सगळी वाक्यं म्हातारी आता एकेक करून पुरी करत होती. शेजारची दगडाबाई तर म्हणाली, "छबे, येवढं बोलनं कुठं दडवलं हुतंस गं?" त्यावर छबूबाई पदराची गाठ चाचपून हसली. आईचा आवाज इतका गोड आहे हे कल्याणला त्या दिवसांत कळलं. त्याला फार बरं वाटायचं, आणि कुठंतरी लाजही वाटायची.

पावसाळ्यात छबूबाईच्या कंबरेला लाल चट्टा उठला. अपूर्वानं बघितलं तर गाठीतले सेल पाझरायला लागलेले, पदराला पांढरी भुकटी. "फेकून दे आई, कातडी जाईल," कल्याण म्हणाला. ती ऐकेना. दगडाबाईनं कल्याणला बाजूला घेऊन सांगितलं, "गेलेल्या मानसाची चीज घरात ठिवू नये, बाबा. जिथं जाळलं तिथं नेऊन टाक." कल्याणचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण चट्टा खरा होता. दुपारी आई झोपलेली असताना त्यानं हलकेच गाठ सोडली. मोटरसायकलवरून ओढ्याकडच्या वस्तीवर चाललाच होता, वाटेत स्मशान लागत होतं. दोन्ही सेल नानांना जाळलं त्या जागी टाकले. दगडाबाईचं मन राखलं आणि आईची कंबरही सुटली, असं त्याला वाटलं.

छबूबाई उठली, पदर चाचपला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"कुठं टाकलंस?"

"नानांना जाळलं तिथं. एवढं काय आई, नवे आणून देतो की."

"आरं, काय केलंस ल्येका!" ती मटकन कॉटवर बसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुमी समदे हसायचे. तुमाला वाटायचं, म्हातारी गंमत म्हनून गप बसती. मी गंमत न्हवते करत, कल्याणा. त्यांनी बटन दाबलं की शब्दच निघायचा न्हाई. गळ्यात यायचा आन थितंच ऱ्हायचा. त्यांनी फिरून दाबंपर्यंत."

"काहीतरीच तुझं," कल्याण म्हणाला. पण त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालिका चालू असताना टीव्ही आपोआप बातम्यांवर गेला. छबूबाईनं फोनवरून मालिका लावली, तो परत बातम्यांवर. कल्याणनं ॲप काढून पुन्हा टाकलं. ट्यूबलाइटमुळं होत असेल म्हणून ट्यूब बंद केली. शेजाऱ्यांचा रिमोट लागत असेल म्हणून खिडकी लावून घेतली. रोज सातला तेच. छबूबाईचं बोलणं कमी कमी होत गेलं. ती आता भरभर बोलायची, कुणीतरी येऊन दार लावून घेईल अशी घाई करत.

एका संध्याकाळी कल्याणनं ठरवलं की आज छडा लावायचाच. आईच्या हातातला फोन घेऊन त्यानं सरळ बंद करून टाकला. अपूर्वा आत भाकरी थापत होती. सात वाजले आणि टीव्ही बातम्यांवर गेला.

कल्याणनं खिशातला आपला फोन काढला, कॅमेरा चालू केला आणि टीव्हीशेजारी उभा राहून सगळी खोली हळूहळू बघायला लागला. दार. कॉट, कॉटवर आई. नानांची खुर्ची. तिच्यावर घड्या घातलेले कपडे.

खुर्चीच्या हातापाशी, बसल्या माणसाची मूठ जिथं येईल तिथं, जांभळट ठिपका लुकलुकत होता.

त्यानं फोन खाली घेतला. खुर्चीवर कपडे होते, बाकी काही नव्हतं. फोन वर धरला. ठिपका होता.

"कल्याणा," छबूबाई म्हणाली. तिनं त्याचा चेहरा बघितला होता. "बंद कर त्यो टीव्ही. मला तुला सांगू दे. तू पोटात हुतास तवा ह्यांनी मला..."

ठिपका वळला.

कॅमेऱ्यात आईच्या गालावर जांभळी झाक पडली आणि गेली.

तिचे ओठ हलत राहिले. गळ्याच्या शिरा ताणल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खोलीत फक्त बातम्या ऐकू येत होत्या.

नगरला दोन डॉक्टर झाले. नळी घालून बघितलं. घसा स्वच्छ, गाठ नाही, सूज नाही, झटक्याचं लक्षण नाही. "मनाचं आहे, धक्का बसलाय," म्हणाले. कल्याण आईला घेऊन घरी आला, दार लावलं, जुना फोन तिच्यावर रोखला आणि आवाज वाढवायचं बटण अंगठा दुखेपर्यंत दाबत राहिला. ती त्याच्याकडं बघत बसली होती. मग तिनंच त्याचा हात धरून खाली केला. कल्याण लहान पोरासारखा रडला. स्मशानात जाऊन त्यानं राखेची जागा हातानं उकरली, पण सेल मिळाले नाहीत.

मग त्याच्या डोक्यात आलं की सेल शेवटी सेल आहेत, आणि हे तर पाझरलेले. किती दिवस चालणार? तेव्हापासून रोज सातला तो टीव्हीशेजारी उभा राहून खुर्चीवर कॅमेरा धरायचा. "अहो, हे काय खूळ घेतलंय?" अपूर्वा विचारायची. तो सांगायचा नाही. सांगणार तरी काय? पण दिवाळीपर्यंत ठिपका फिकट झाला होता. बातम्या लागायला उशीर व्हायला लागला, कधी लागता लागता टीव्ही मालिकेवर परत यायचा. ज्वारी हुरड्यात आली तेव्हा ठिपका इतका बारीक झाला होता की डोळे बारीक करून बघावं लागायचं.

आणि एका संध्याकाळी सात वाजून गेले, मालिका चालूच राहिली. कॅमेऱ्यात खुर्ची होती, कपडे होते. ठिपका नव्हता.

"कल्याणा," मागून आवाज आला. घोगरा, गंज चढलेला. "च्या दे रं वाईच."

त्यानं वळून आईचे पाय धरले. अपूर्वा पीठभरल्या हातांनी धावत आली. त्या रात्री तिघं जेवता जेवता बोलत होती, म्हणजे छबूबाई बोलत होती आणि ही दोघं ऐकत होती. ते पोटात असतानाचं अर्धं राहिलेलं मात्र ती म्हणाली, "उद्या सांगते. आज दमले."

सकाळी दूध घालायला आलेली माणसं दारात खोळंबली, कारण कल्याण उशिरा उठला. भिंतीवरचं घड्याळ पहाटेच कधीतरी थांबलं होतं. एवढ्यात कसा संपला सेल, असं पुटपुटत त्यानं घड्याळ खिळ्यावरून उतरवलं आणि पालथं केलं. सेलची खाच रिकामी होती.

कॉटवर छबूबाई उठून बसली होती. तिनं घड्याळाकडं बघितलं, मग खुर्चीकडं, आणि दोन्ही हातांनी पदर तोंडावर दाबून धरला. रिमोटला दोन सेल लागतात, एवढंच कल्याणच्या मनात आलं.

आत स्वयंपाकघरात अपूर्वा फळीवरची भांडी इकडची तिकडं करत होती. "अहो, ऐकलंत का," तिनं आतूनच हाक दिली, "या टॉर्चमधला सेल कुणी काढ..."

कल्याण घड्याळ हातात धरून उभा राहिला. पुढचा शब्द आला नाही.