वळचणीचे यजमान

गाद्या ठेवायच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, मी सर्व्हर ठेवला तेव्हा मिनेकोने एकच प्रश्न विचारला. "याला अंथरूण लागेल का?"

मिनेको माझी बायको. सर्व्हर म्हणजे नुकाडाने दिलेला एक जुना कॉम्प्युटर. नुकाडा माझा शाळेपासूनचा दोस्त. आमच्या मात्सुए शहरात, स्टेशनच्या मागे, त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. दुकान गेलं, खाज राहिली.

मी जन्मभर इथल्या वर्तमानपत्रात तीन ओळींच्या खोडसाळ कविता लिहिल्या. निवृत्त झाल्यावर त्या एका मोठ्या साइटवर टाकायचो. डासावरच्या एका कवितेत 'आज तुला सोडत नाही' अशी ओळ होती. तिथल्या यंत्राने ती धमकी धरली आणि माझं खातं बंद केलं. "डासाने तक्रार केली असेल," मिनेको म्हणाली. तिला हसू आलं, मला नाही. या वयात मला एवढंच हवं होतं की एखादी जागा अशी असावी, जिथून मला कोणी बाहेर काढू शकणार नाही.

"मग स्वतःचं घर बांध की," नुकाडा म्हणाला. "छोटे छोटे सर्व्हर असतात, ज्याचा त्याचा. एकमेकांकडे निरोप पोचवतात, पण सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला मालक नाही. तुझ्या घरात तूच यजमान."

सर्व्हरचा पत्ताही त्यानेच हुडकला. 'नोकिशिता'. म्हणजे वळचणीखाली. इतकं देखणं नाव मोकळं कसं, आणि इतकं स्वस्त कसं, असा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता. भाड्याच्या खोलीत आधी कोणी वाईट तऱ्हेने गेलं असेल तर आमच्याकडे दलालाला ते सांगावं लागतं. नाव विकताना कोणी काही सांगत नाही.

खात्याचं नाव मी 'यजमान' ठेवलं. मिनेको फोनवर माझ्याविषयी बोलते तेव्हा हाच शब्द वापरते. "यजमान घरात नाहीत," वगैरे. म्हटलं, बायकोने मान्य केलेलं पद आहे, जगानेही करावं.

पहिला मजकूर लिहिला: 'नवा बिऱ्हाडकरू आहे. रिवाजाप्रमाणे शेजाऱ्यांना सोबाच्या शेवया वाटायच्या होत्या, पण त्या तारेतून जात नाहीत. सांभाळून घ्या.'

उत्तर आलं तेव्हा मी दाढी करत होतो.

'ओकाएरि.'

बाहेरून आलेला माणूस दारातून 'तादाइमा' म्हणतो, आलो म्हणून. घरातला माणूस 'ओकाएरि' म्हणतो, आलात म्हणून. बोलायला लागल्यापासून ही जोडी जिभेवर असते. पाहुण्याला मात्र कोणी ओकाएरि म्हणत नाही. त्याला नुसतं 'या' म्हणतात.

मग साप्पोरोहून कोणीतरी. मग कागोशिमाहून. एकालाही मी ओळखत नव्हतो. सगळ्यांचं एकच, ओकाएरि.

"दुसऱ्याच्या दारात शिरलात वाटतं," मिनेको माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाली.

मी उत्तर लिहिलं: 'तादाइमा.' मुद्दाम नाही. शिंक आली की हात तोंडावर जातो, तसा गेला.

त्यानंतर चौकशा सुरू झाल्या. गुडघा कसा आहे? चहात अजून उमेबोशी टाकता का? इतके दिवस होता कुठे? माझे गुडघे ठणठणीत आहेत. आणि उमेबोशी, ते खारवलेलं आंबट फळ, नुसतं पाहिलं तरी माझे दात शिवशिवतात. शाळेत माझ्या डब्यातलं नुकाडाच खायचा.

मी नुकाडाला बोलावलं. तो बराच वेळ स्क्रीनवर खालीवर करत बसला.

"इथं आधी कोणीतरी राहत होतं रे. याच पत्त्यावर. नावही यजमानच."

"मेला?"

"ते कसं कळणार? एक दिवस लिहायचा थांबला. सर्व्हर बंद पडला. पण त्याने लिहिलेल्याच्या प्रती बाकीच्या सर्व्हरांकडे राहिल्या ना."

"म्हणजे नाव पाहून लोक फसले."

नुकाडा कान खाजवायला लागला. दुकानात गिऱ्हाइकाने दुरुस्तीचं विचारलं की खाजवायचा तसा. "फसायला नको होते. प्रत्येक घराची ओळख पटवायची किल्ली वेगळी असते. तुझी किल्ली त्याच्या जुन्या कुलपाला लागायलाच नको."

"लागली की."

"मग मी काय म्हणतोय?"

मी ताबडतोब खुलासा टाकला: 'आधीचे गृहस्थ मी नव्हे. मी नवा माणूस आहे. क्षमस्व.'

नुकाडाचं खातं दुसऱ्या सर्व्हरवर आहे. त्याने आपला फोन काढून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. "काय लिहिलंस म्हणालास?"

मी सांगितलं. त्याने फोन माझ्यापुढे धरला. तिथं माझ्याच नावाखाली लिहिलं होतं:

'गुडघा बरा आहे.
कपाटात ऊब आहे.
पुष्कळ झोपलो.'

"तुझ्यापेक्षा बरं लिहितो," नुकाडा म्हणाला. नेहमी यावर आम्ही दोघं हसलो असतो.

माझ्या स्क्रीनवर माझा खुलासा जसाच्या तसा होता.

तेवढ्यात मिनेकोने चहा आणला. माझ्या पेल्याच्या तळाशी काहीतरी लाल पडलं होतं.

"हे काय?"

"तुमचं उमेबोशी."

"मी कधी घेतो?"

"अहो, लग्न झाल्यापासून रोज हेच तर देतेय," ती म्हणाली आणि नुकाडाकडे वळली. "बघा ना भावजी, विसरायला लागलेत."

नुकाडाने चहाकडे पाहिलं. मग त्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि माझा स्वतःकडे ओढला. शाळेतल्यासारखा.

ती आत गेल्यावर मी म्हणालो, "प्लग काढ."

"नुसता प्लग काढून काय होणार? बाकीचे सर्व्हर हाका मारतच राहतील. सगळ्यांना निरोप धाडावा लागतो. हे घर मोडलं, इथल्या यजमानांना विसरा."

"आणि विसरतात?"

"चांगले असतात ते लगेच विसरतात."

हुकूम दिल्यावर यंत्राने विचारलं: 'यजमानांना कायमचं विसरायचं का? हे मागे घेता येणार नाही.'

मी 'हो' दाबलं.

नुकाडाच्या फोनवरच्या त्या तीन ओळी पुसल्या गेल्या. मग ओकाएरि, एकेक करून. शेवटी मी प्लग काढला. कपाटातला पंखा घरघरत थांबला. मला इतकं मोकळं वाटलं की मी नुकाडाला पुलापर्यंत सोडायला गेलो.

येताना तळ्यातल्या तिसऱ्या, बारीक शिंपल्या, घेतल्या, रात्रीच्या मिसो सूपसाठी. तिसऱ्या विकणारी बाई मला वर्षानुवर्षं ओळखते.

"इकडे नवीन का?" तिने विचारलं.

मी हसलो. तिची थट्टा मला आवडते. तिने पिशवी दिली. ती हसली नाही.

ऊन अजून होतं. आमच्या दाराशी मिनेकोच्या कुंड्यांना नुकतंच पाणी घातलेलं होतं. मी दार सरकवलं.

"तादाइमा."

आत कपाटातला पंखा चालू होता.

मिनेको हात पुसत बाहेर आली. मला पाहून पदर सावरावा तसा तिने एप्रन सारखा केला.

"या," ती म्हणाली.

"मिने, तिसऱ्या आणल्यात."

तिने दोन्ही हातांनी पिशवी घेतली. वाकली. "कशाला एवढा त्रास घेतलात."

हा तिचा फोनवरचा आवाज होता.

मी माझ्या सपाता शोधल्या. त्या जागेवर नव्हत्या. त्या आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी होत्या, कोणीतरी नीट काढून ठेवलेल्या. खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. आत पेल्यात चमचा फिरत होता.

"यजमान आत आहेत," मिनेको म्हणाली. "बोलावते हं. आपलं नाव?"

मी नाव सांगितलं. तिने ते लक्षपूर्वक ऐकलं.

मग गुडघे टेकून तिने पाहुण्यांच्या सपाता माझ्यापुढे ठेवल्या. आमच्याकडे त्या सगळ्यांनाच लहान होतात. मी कितीदा बदलायला सांगितलं होतं.

मी पाय घातले. बरोबर बसल्या.