डावीकडून दुसरा माइक

माझ्या नातीने, चिनात्सुने, एका मेलेल्या बाईच्या घरी मिठाई कुरिअरने पाठवली.

स्वतः गेली नाही. कुरिअरने!

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, "आजी, तुम्ही टीव्ही फार बघता." बघते. एकेचाळीस वर्षं बघतेय. माझी शाळा सहावीत सुटली, कान मात्र शाबूत आहेत. मला रंगवून सांगता येत नाही आणि खोटं बोलायची गरज या वयात कुणाला असते? जसं झालं तसं लिहितेय. पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या.

नोव्हेंबरातला दुसरा बुधवार. सकाळचे दहा. टोकियोतल्या एका इमारतीच्या तळघरातला स्टुडिओ.

सुरुवात तिथे झाली. मला कळलं ते जानेवारीत, इथे, हिताचीनाकाला, आमच्या सोलायच्या खोलीत.

आम्ही ओनुकी, रताळी वाळवणारे. थंडी पडली की रताळी उकडायची, गरम असतानाच सोलायची, कापायची आणि समुद्राच्या वाऱ्यात जाळीवर पसरायची. हात गुंतलेले, बोटं भाजलेली. डोळे आणि कान तेवढे मोकळे. म्हणून त्या खोलीत टीव्ही आहे. आणि शनिवारी संध्याकाळी साडेपाचला त्यावर 'मामेकिची' हे कार्टून लागतं.

मामेकिची म्हणजे कोळ्याचं पोर. तुळतुळीत डोकं, नाकाला शेंबूड. वय वर्षं सात. एकेचाळीस वर्षं सातच. माझा मुलगा त्याच्याबरोबर मोठा झाला, टकला झाला, मामेकिची आहे तसाच.

चित्रातल्या माणसाचं तोंड कधी नीट बघितलंय? तीनच तोंडं असतात त्याला. मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. रडायला तीच तीन, हसायला तीच तीन. जीव घालतो तो आवाज. मामेकिचीत जीव घालायच्या फुसाए नागामोरी. सुरुवात केली तेव्हा तेहेतीस वर्षांच्या, शेवटच्या भागात चौऱ्याहत्तर वर्षांच्या. म्हातारी बाई आणि आवाज सात वर्षांच्या पोराचा!

माझा नवरा गेला त्या हिवाळ्यात आमच्या घरात कुणी मोठ्याने हसत नव्हतं. एका शनिवारी मामेकिची हसला. हसण्याआधी तो घशात एक बारीकसा घोट गिळायचा. ते कुणाच्या लक्षातही येत नसेल. मला आलं. आणि मीही हसले... किती दिवसांनी. तेव्हापासून फुसाएबाई मला घरच्याच.

मागच्या ऑगस्टात त्या गेल्या.

आणि त्यांची जागा मिळाली माझ्या चिनात्सुला.

चिनात्सु एकोणतीस वर्षांची. अकरा वर्षं आवाज द्यायच्या त्या कामात, पण अकरा वर्षं ती नुसती गर्दी होती. बाजारातली बाई, शाळेतली पोरं, भुंकणारा कुत्रा. एकदा तर उकळणारं भांडं झाली होती. तिचा मूळचा आवाज घोगरा, थेट आजोबांचा. लहानपणापासून मी तिला बेडकीच म्हणते.

तिचा फोन आला. "आजी, मिळालं! मामेकिची मला मिळाला!"

माझ्या तोंडून शाबासकी निघायला हवी होती. निघालं काय? "फुसाएबाईंच्या घरी जाऊन आलीस का?"

"कशाला?"

"कशाला म्हणे! ज्याची जागा घ्यायची, त्याच्या फोटोपुढे उदबत्ती लावायची. बाई, तुमची जागा घेतेय, सांभाळून घ्या म्हणायचं. तुमच्यात पद्धत आहे, तूच सांगितलं होतंस."

"आहे गं पद्धत. पण घरी त्यांची बहीण एकटीच असते, तिला कशाला त्रास? मी मिठाई पाठवलीय कुरिअरने. आत चिठ्ठीपण टाकलीय."

"मेलेल्या बाईला चिठ्ठी वाचता येते का गं, बेडके?"

ती हसली. तिचं ते घोगरं, फुटकं हसू.

ते मी नीट ऐकून ठेवायला हवं होतं.

जानेवारीतला दुसरा शनिवार. चिनात्सुचा पहिला भाग लागणार म्हणून सूनबाई कानाएने, म्हणजे चिनात्सुच्या आईने, कधी नव्हे ते हात धुऊन टीव्हीसमोर बैठक मारली. मी सोलतच होते.

साडेपाच वाजले. मामेकिची किनाऱ्यावरून धावत आला. आजोबांच्या होडीत मांजर बघून थांबला.

आणि हसला.

हसण्याआधी... घशात एक बारीकसा घोट.

माझ्या हातातलं रताळं खाली पडलं.

"हुबेहूब!" कानाए टाळ्या वाजवत म्हणाली. "सासूबाई, ऐकलंत? अगदी हुबेहूब!"

"हुबेहूब नाही."

"झालं! नातीचं कौतुकही धड करवत नाही तुम्हाला."

"कानाए, हुबेहूब नाही. तीच आहे."

ती माझ्याकडे बघून हसली आणि चहा ठेवायला उठली.

मला नक्कल कळते. नक्कल करणारा माणूस खुणा ठळक करतो, सुटू नयेत म्हणून. इथे काहीच ठळक नव्हतं. उलट दमलेलं होतं. शेवटच्या वर्षी फुसाएबाईंना लांबची हाक एका दमात जमत नसे. मध्येच चोरून श्वास घ्यायच्या. मामेकिचीने आजोबांना हाक मारली आणि मध्ये तो चोरटा श्वास आला. माझी नात एकोणतीस वर्षांची. समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेली छाती तिची. तिला कशाला लागतोय तो श्वास?

भाग संपल्या संपल्या फोन लावला.

"आज कोण बोललं?"

पलीकडे ट्रेनच्या फाटकाचा टणटण आवाज.

"चिनात्सु?"

"आजी," ती म्हणाली. कुजबुजलीच. "सगळ्या जपानात तुला एकटीला कळलं."

मग तिने सांगितलं ते असं.

स्टुडिओत चार माइक. माणसं नऊ. समोरच्या पडद्यावर चित्र अर्धवट असतं, नुसत्या पेन्सिलच्या रेघा. ज्याने बोलायचं त्याचं नाव पडद्यावर चमकतं. हातातलं पान उलटताना आवाज करायचा नाही. सळसळणारे कपडे घालायचे नाहीत. पोट गुरगुरू नये म्हणून आधी केळं खाऊन यायचं. एकाचं बोलून झालं की तो बाजूला सरकतो आणि मागचा पुढे येतो. 'सरका' म्हणायची सोय नाही, सगळं टेप होत असतं. मागे कुणी येऊन उभं राहिलं की श्वासावरून ओळखायचं आणि जागा द्यायची. लहानाने मोठ्याला तर द्यायचीच.

डावीकडून दुसरा माइक एकेचाळीस वर्षं फुसाएबाईंचा होता. त्या बुधवारी चिनात्सु तिथे उभी राहिली.

पहिली चार वाक्यं तिने म्हटली. आवाज तिचाच, मामेकिचीसाठी बारीक केलेला.

मग हसायची जागा आली. पडद्यावर नाव चमकलं. तिने तोंड माइकजवळ नेलं.

तेवढ्यात... मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.

उजव्या खांद्यामागे. अगदी जवळ. आखूड, दमलेला श्वास.

आपली पाळी यायची वाट बघत.

चिनात्सुने विचार केलाच नाही. अकरा वर्षांची सवय. अंग आपोआप हललं. ती अर्धं पाऊल डावीकडे सरकली.

आणि माइकवर मामेकिची हसला.

चिनात्सुचं तोंड मिटलेलं होतं.

काचेमागून रेकॉर्डिंग घेणाऱ्या साहेबांचा आवाज आला, "उत्तम! असंच चालू दे."

तिने वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. बाकीचे पडद्याकडे बघत होते. तिच्या ओठांकडे कोण बघणार? भिंतीजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्या नटाने डोळे पुसले. म्हणाला, "पोरी, क्षणभर वाटलं, बाईच आल्या."

"मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी फोनवर ओरडले.

"काय सांगू, आजी? अकरा वर्षं गर्दीत उभी होते. पहिल्यांदा काचेमागून मला कुणी उत्तम म्हणालं."

"आणि पुढच्या बुधवारी?"

"येतात ना. आधी नुसत्या हसायला यायच्या. मग हाका मारायला यायला लागल्या. आता..."

"आता काय?"

"आता मी फक्त पानं उलटते."

मंगळवारी मी वाळवलेली रताळी बांधून घेतली आणि एकटीने तीन गाड्या बदलून फुसाएबाईंच्या घरी गेले. जे नातीने करायला हवं होतं ते आजीने केलं. दार त्यांच्या धाकट्या बहिणीने उघडलं, कियोए नाव. चिमणीएवढी बाई.

मी उदबत्ती लावली. हात जोडून म्हटलं, "बाई, पोर चुकली. पदरात घ्या. पण तिचं तिला बोलू द्या."

फोटोतल्या फुसाएबाई हसत होत्या. गळ्याला रुमाल बांधलेला.

"रुमाल का हो?" मी विचारलं.

"ऑपरेशन झालं होतं ना," कियोएबाई म्हणाल्या. "बाहेर कुणाला कळू दिलं नाही. पुढचे भाग आधीच टेप करून ठेवले होते, ते आणि अधूनमधून जुने लागत राहिले. शेवटचे आठ महिने ताईला आवाजच नव्हता, ओनुकीबाई. पाटीवर लिहून बोलायची. जेवण नको, पाणी नको. रोज सकाळी एकच लिहायची."

"काय?"

"आज बुधवार आहे का?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"एक विचारू?" कियोएबाई माझ्याकडे सरकल्या. आवाज एकदम खाली. "मी रोज सकाळी फोटोपुढे चहा ठेवते, दोन शब्द बोलते. कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. बरं वाटतं मला. पण नोव्हेंबरपासून... बुधवारी फोटोपुढे बसलं ना, की वाटतं घरात कुणीच नाही. कुठे जाते हो ती?"

मी रताळ्यांची पुडी फोटोपुढे ठेवली.

निघताना दारात त्यांनी माझे हात धरले. "आणि आता नुसता बुधवार नाही हो. गेल्या आठवड्यात गुरुवारीही ताई घरात नव्हती."

स्टेशनवरूनच मी चिनात्सुला फोन लावला. "सोड ते काम. उद्याच्या उद्या सांग."

"सांगते, आजी."

"नक्की?"

"नक्की. उद्या स्टुडिओतच सांगते."

उद्या बुधवार होता.

त्या बुधवारी तिचा फोन आला नाही. गुरुवारी नाही. पुढचे पाच आठवडे मी लावलेला फोन तिने उचलला नाही. 'बरी आहे' एवढंच लिहून पाठवायची. हल्ली पोरं लिहूनच बोलतात, असं कानाए म्हणाली. मला ती पाटी आठवत राहिली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठला चिनात्सु घरी आली. न सांगता. मी अंगणात जाळ्यांवर काप पसरत होते. ऊन होतं, पण वारा असा की कान तुटावेत. तिने पिशवी खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि लहानपणी उभी राहायची तशी माझ्या शेजारी उभी राहून काप मांडू लागली.

"सांगितलंस का त्यांना?" मी विचारलं.

ती मांडत राहिली.

"बेडके, तुझ्याशी बोलतेय मी."

तिने वर पाहिलं. डोळे तिचेच होते. काठोकाठ भरलेले.

थंडी इतकी होती की माझ्या तोंडातून प्रत्येक श्वासाला वाफ निघत होती. चिनात्सुच्या तोंडातून निघत नव्हती.

आतून कानाएची हाक आली, "चिनात्सु! चहा घेणार का गं?"

चिनात्सुचे ओठ हलले. उघडायला बघत होते. मी बघितलंय ते, माझ्या डोळ्यांनी. मग तिची मान किंचित मागे वळली, मागे कुणी आलं की वळते तशी...

आणि ती अर्धं पाऊल डावीकडे सरकली.

आमच्या दोघींच्या मध्ये जागा झाली. रिकामी. तिथे, माझ्या खांद्याच्या उंचीवर, हवेत पांढरी वाफ उमटली.

"घेणार! दोन कप!" मामेकिची म्हणाला.

कानाए आत खळखळून हसली. "बघा हो सासूबाई! घरीसुद्धा सराव चाललाय!"

लाज वाटते, पण लिहिते. एकेचाळीस वर्षं त्या आवाजावर मी जीव टाकला. तो दोन हातांवर ऐकला आणि माझीच कंबर वाकायला लागली. नमस्काराला. अर्धी वाकलेसुद्धा. मग चिनात्सुची बोटं दिसली. जाळीची कड घट्ट धरलेली. पांढरी पडलेली.

आज या गोष्टीला सात आठवडे झाले. ती परत टोकियोला गेली आहे. शनिवारी साडेपाचला मी टीव्हीवर फडकं टाकते. फोन वाजला की उचलते, पण आधी बोलत नाही. पलीकडून कोण बोलतंय ते ऐकते. अजून पलीकडूनही आधी कुणी बोललेलं नाही. दोन्हीकडे नुसते श्वास. मग फोन ठेवला जातो. त्या दिवशी माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं की मध्येच कुणी ऐकलं, मला माहीत नाही.

पण बोलले मी. त्या रिकाम्या जागेतून हात घालून तिचं मनगट धरलं. हात बर्फात घातल्यासारखा झाला, तरी सोडलं नाही. आणि आत कानाएलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मेलेल्या माणसाला एवढा मान द्यायचा नसतो, मूर्ख पोरी! जागा तुझी आहे. धक्का मार, शिवी दे, काय वाटेल ते कर, पण सरकू नकोस."