तीन वीसचा थांबा

सातपूरच्या त्या शेडमधला संगणक माझ्यापेक्षा पाचच वर्षांनी लहान. काळा पडदा, हिरवी अक्षरं. काम एकच: जाड केबलमधून लेथला प्रोग्रॅमची एकेक ओळ पाठवायची. ओळी येत राहतात, कापणी चालू राहते. मशिनची मेमरी भरली की ते ‘थांब’ची खूण पाठवतं, रिकामी झाली की ‘चल’ची.

रोज दुपारी तीन वीसला ‘थांब’ यायचं. ‘चल’ यायला अकरा मिनिटं. तेवढ्यात कापणारं टूल एकाच जागी घासून जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, बाद.

मला दुरुस्तीला बोलावून मालक ज्ञानेश म्हणाले, शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर मशिन भंगारात. ऑपरेटर नवनाथभाऊ शेजारीच उभे होते. पन्नाशी उलटलेली, आणि त्यांना हे एकच मशिन येतं.

मंगळवार. केबल बदलली. ३:२०. थांब.

बुधवार. वेग कमी केला, अर्थिंग तपासलं. ३:२०. थांब.

गुरुवार. संगणकाचं घड्याळ दोन तास मागे केलं. ‘थांब’ आलं ते माझ्या मनगटावरच्या तीन वीसला. प्रोग्रॅम पुन्हा पाठवायच्या आधी मशिन बंद केलं, केबलचं टोक काढून हातात धरलं. छपरातल्या फायबरच्या पट्टीतून ऊन उतरत होतं, मशिन थंड ठेवणाऱ्या दुधाळ कूलंटवर तरंगत होतं. सगळी शेड पाण्याखाली असल्यासारखी.

प्रोग्रॅम पाठवला. पडद्यावर तरीही: थांब.

“ही पुंजाकाकांची वेळ,” नवनाथभाऊ म्हणाले. “चार्ज द्यायची.”

मग सावकाश सांगितलं. इथे पाळी बदलताना जाणारा मशिनच्या दारावर तळवा ठेवतो, येणारा शेजारी आपला ठेवतो. मग पहिल्यानं हात काढायचा. तोवर मशिन सोडायचं नाही. मागच्या वर्षी आधीच्या पाळीचे पुंजाकाका तळवा टेकवून वाट बघत स्टुलावर बसले, ते तसेच गेले. पुढची पाळी नवनाथभाऊंची होती. त्यांची बस चुकली होती.

“मग तुम्ही ठेवा ना हात.”

“रोज ठेवतो, मॅडम. माझा घेत नाय.”

शुक्रवार. ज्ञानेश मागे उभे. ३:२०. अक्षरं थिजली. टूल घासू लागलं. नवनाथभाऊ जमिनीकडे बघत होते.

मी असलं काही मानत नाही. हात आपोआप दारावर गेला.

पत्रा गार होता. माझ्या तळव्याशेजारी एका तळव्याएवढी जागा कोमट.

मग तीही गार झाली.

अक्षरं धावू लागली.

जॉब मापात निघाला. नवनाथभाऊंनी डोळे पुसले, ज्ञानेशनी चहा मागवला. अहवालात मी लिहिलं, केबलचा दोष, दुरुस्त. दारावरचा हात मी नुसताच काढून घेतला होता. शेजारी कोणी ठेवला नव्हता.

महिना झाला. तिकडे एकदाही थांबलं नाही. नवनाथभाऊ फोन करून सांगतात. मी ऐकते, पण माझ्या दुपारची अकरा मिनिटं रोज कुठेतरी जातात, हे त्यांना सांगत नाही.

काल माझी लेक वेदिका शाळेतून लवकर आली. मी तिचा डबा घासत विचारत होते, आज गणिताच्या बाईंनी



नळ वाहत होता. माझा उजवा तळवा समोरच्या टाइलवर सपाट टेकलेला. घड्याळात तीन चोवीस. रोजच्यापेक्षा सात मिनिटं आधी भानावर आले होते.

हाका मारून मारून दमली असावी. तिनं स्टूल ओढून घेतलं होतं, आणि माझ्या तळव्याशेजारी आपला छोटा तळवा टेकवला होता.

माझा हात सहज निघाला.

“वेदिका,” मी म्हटलं.

टाइलवरचा तिचा तळवा हलला नाही. पापणीही.